विचारा की हो! सासूबाईंचे गुडघे, अनारशाची खसखस आणि फ्लॉरेन्समधली छत्री

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात मी शेवटी सहज लिहून टाकलं होतं की सुट्टीतल्या सहलींचं काय विचारायचं असेल तर पाठवा, तर पत्रं आणि मेसेज मिळून ढीग पडलाय. त्यातले निम्मे नुसतं "ताई, खर्च किती येईल" एवढंच विचारतायत, आता त्यांना मी काय सांगू, तुमच्यातले किती जण डबा उघडतात नि किती जण हॉटेल दिसलं की पनीर मागवतात त्यावर आहे ते. बाकीच्यातले निवडून घेतलेत. आधीच सांगून ठेवते, मी प्रवास कंपनीवाली नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, घरात आम्ही पाच जण, सासूबाई ७४ च्या, लेक कॉलेजला, धाकटा सहावीत, आणि आमचे हे, ज्यांना सहल म्हणजे निघायच्या आधी गाडीची हवा चेक करणं एवढंच वाटतं. जे शिकलेय ते चुकून चुकून शिकलेय.

प्रश्न: ताई, आम्ही इचलकरंजीचे. येत्या रविवारी आई-बाबा, दोन पोरं (४ आणि ९ वर्षं) आणि आम्ही दोघं असे गाडीनं निघणार. जोतिबा, पन्हाळा, मसाई पठार आणि येताना रंकाळा. एका दिवसात बसेल ना?

उत्तर: गाडीत बसेल हो, माणसांत बसणार नाही.

आम्ही हाच उद्योग करून बसलोय. सकाळी सातला निघायचं ते साडेनऊ, मग "निघालोच आहे तर मिसळ खाऊनच जाऊ", जोतिबाला पोचतोय तर रांग पार बाहेर, धाकट्याच्या डोळ्यात गुलाल गेला नि तो अर्धा तास रडत होता, पन्हाळ्यावर पोचलो दीड वाजता, ऊन डोक्यावर आणि गाडी लावायला जागा नाही. तीन दरवाज्याजवळ सासूबाईंनी एक झाड हेरलं आणि म्हणाल्या, "मी हितंच बसतो, तुम्ही या जाऊन." (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडं जुन्या बायका असंच बोलतात, बसतो, येतो, जातो. चूक छापली असं कळवू नका.) आम्ही चौघं तासभर पळत सुटलो, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी, प्रत्येक ठिकाणी एक फोटो नि चला पुढं. परत येतोय तर सासूबाई झुणका-भाकरवाल्या मावशींच्या शेजारी मांडी घालून मडक्यातलं दही खातायत, आणि मावशींच्या थोरल्या लेकीचं लग्न कुठं ठरलंय, जावई काय करतो, देणंघेणं काय झालं, सगळं त्यांना पाठ. मसाईला पोचेपर्यंत दिवस मावळला, रंकाळा गाडीतूनच बघितला. रात्री पोरांना विचारलं काय काय बघितलं, तर एकाला गुलाल आठवत होता आणि एकीला घाटात झालेली उलटी.

तेव्हा चारातली दोन कापा. सकाळी लवकर आधी जोतिबा करा, ऊन चढायच्या आत दर्शन उरकतं. पौर्णिमा टाळा, आणि चैत्र यात्रेत चार वर्षांचं पोर घेऊन तर अजिबात जाऊ नका, सासनकाठ्या बघायची हौस असेल तर मोठ्यांनी वेगळं जावं. मग पन्हाळा, आणि पन्हाळ्यावर पण सगळं नाही. तीन दरवाजा आणि त्याला लागून असलेली अंधारबाव बघा, ही विहीर वरून साधी इमारत वाटते, आत उतरलं की मजले आणि खाली पाणी, पोरांना हे फार आवडतं. मग अंबरखाना, म्हणजे धान्याची कोठारं, गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन. नऊ वर्षांच्याला तिथंच उभं करून सिद्दी जौहरच्या वेढ्याची गोष्ट सांगा, १६६० चा जुलै, धो धो पाऊस, रात्री महाराज इथून विशाळगडाकडं निघाले आणि पुढं खिंडीत बाजीप्रभू. पुस्तकात वाचलेलं आणि तिथल्या पावसाळी हवेत ऐकलेलं यात फरक पडतो. युनेस्कोनं २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात पन्हाळा आहे, त्यामुळं रविवारची गर्दी कमी होईल असं मनात पण आणू नका. शनिवारी जमलं तर बघा.

मसाईला सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं असतात तेव्हा मुद्दाम जा. रंकाळा काय पळून जात नाही.

आणि घाटाआधी पोरांना मिसळ नको. कोरडं काहीतरी, खिशात आलेपाक, हातात मोबाईल नको, काच थोडी खाली. चार वर्षांच्याला खाली बघायची सवय लागली की वळणावर हमखास बाहेर येतं.

प्रश्न: पावसाळ्यात नृसिंहवाडी आणि खिद्रापूर करावं का? मिस्टर म्हणतात पाणी बघण्यातच मजा आहे. — सांगलीहून एक वाचक

उत्तर: मिस्टरांना सांगा, पाणी बघायचं असेल तर आधी पेपर बघा. आमच्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती. ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. आकडा तिकडं सरकायला लागला की वाडी-खिद्रापूरच्या शिरोळ तालुक्याकडं सहल नावाची गोष्ट करायचीच नाही, २०१९ आणि २०२१ ला हायवे पाण्याखाली गेला होता हे तुम्हा सांगलीकरांना मी सांगायचं म्हणजे आगाऊपणा आहे. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा म्हणजे पादुकांवरून पाणी वाहून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं तो, त्याचं महत्त्व मोठं आहे, भाविक त्यासाठी येतात. पण लहान पोरं, म्हातारी माणसं, निसरड्या पायऱ्या, आणि परतीचा रस्ता चालू राहील का याची धाकधूक. दिवाळीनंतर जा.

खिद्रापूरबद्दल मात्र जरा सांगतेच, कारण लोक वाडीला जाऊन बासुंदी घेऊन परत फिरतात आणि तिथून एवढं जवळ असलेलं कोपेश्वर बघत नाहीत. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं देऊळ, कृष्णेच्या काठावर. देवळाच्या पुढं स्वर्गमंडप आहे, ४८ खांब, आणि मधोमध छताला गोल भोक, म्हणजे बांधताना ठेवलेलंच. बरोबर त्याच्याखाली जमिनीवर तेवढीच गोल शिळा. आमच्या धाकट्यानं त्या शिळेवर सरळ पाठ टेकली आणि वर बघत म्हणाला, "आई, आभाळ थाळीएवढंच राहिलंय." मग काय, आम्ही पण मान वर करून उभे. कार्तिक पौर्णिमेला चंद्र बरोबर त्या गोलात येतो म्हणून रात्री गर्दी होते. बाहेरून फिरताना खालच्या थरातले हत्ती बघा, एकेका हत्तीवर एकेक देव बसलाय, पोरांना मोजायला लावलं की अर्धा तास शांतता. देवळासमोर नंदी नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात, त्याची गोष्ट तिथलंच कुणीतरी सांगेल, ते ऐकूनच या. दुपारी जाऊ नका, अनवाणी पायाला दगड पोळतो.

आणि बासुंदी सगळ्यात शेवटी घ्या. आम्ही सकाळी घेऊन डिकीत ठेवली, खिद्रापूर बघून दोनला झाकण उघडलं तर आंबट वास. एक किलो. आमचे हे अजून मधूनमधून काढतात तो विषय.

प्रश्न: नणंद दुबईत असते. दिवाळीला आम्ही सगळे पहिल्यांदाच चाललोय. फराळ, कोल्हापुरी चटणी, सुकं खोबरं, सगळं मागवलंय तिनं. बॅगेत टाकून न्यायला चालतं ना? — राजारामपुरी

उत्तर: थांबा थांबा. बॅग भरायच्या आधी हे वाचलंत ते बरं झालं.

खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्याकडं पांढऱ्या रश्श्यात वाटून घालतो ती, तिथं ती अमली पदार्थांच्या हिशेबात धरतात आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. आता तुमच्या फराळाच्या डब्यात बघा. अनारसे खसखशीवर थापलेले. करंजीच्या सारणात खसखस. आणि चटणी! पुण्या-मुंबईच्या वाचकांना चटणी म्हणजे शेंगदाण्याची नाहीतर लसणाची वाटेल, आमच्याकडं चटणी म्हणजे डंकावर कुटून आणलेला वर्षाचा लाल मसाला, आणि त्यात बऱ्याच घरांत खोबरं, तीळ, धण्याबरोबर खसखस भाजून घालतात.

आमच्याकडं भाच्याकडं निघताना हेच झालं होतं. सासूबाईंनी आठ दिवस खपून अनारसे केले, डबा तयार, आणि आदल्या रात्री भाच्याचा फोन, मावशी बाकी काहीही आणा, अनारसे नको. सासूबाईंना पटेना. "खसखस काय विष हाय व्हय? झोप येत न्हाई त्याला देतो की आपण." शेवटी लेकीनं डबा काढून शेजारी पोचवला, शेजाऱ्यांची दिवाळी झाली. चटणीचा प्रश्न असा सुटला की सासूबाईंनी दुसऱ्या वर्षी दोन किलोची वेगळी चटणी बिनखसखशीची कुटून घेतली, बरणीवर चिकटपट्टी लावून "दुबई" असं लिहून. तुम्हीही कुटणाऱ्या बाईला नीट विचारा, विकतची असेल तर पाकिटामागचं वाचा, शंका असली तर ठेवून द्या घरी. सिंगापूरला जाणाऱ्यांनी पण हेच लक्षात ठेवा.

सुकं खोबरं पण नको. त्यात तेल असतं, उष्णतेनं पेट घेऊ शकतं म्हणून विमानात अडवतात, तिकडं मिळतं की सगळं. चकली, चिवडा, शंकरपाळी, लाडू बिनधास्त न्या. लोणचं आणि तूप केबिनच्या बॅगेत ठेवलं तर ते पातळ पदार्थात धरून काढून घेतात, १०० मिलीच्या वर काही नाही, म्हणून ते मोठ्या बॅगेत, डबल पिशवी करून. पॉवर बँक उलट, ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातल्याच बॅगेत.

आणखी एक, घरातल्या मोठ्यांची औषधं. काही खोकल्याची नि दुखण्याची औषधं तिकडं चालत नाहीत, त्यामुळं गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत. आमच्या सासूबाई सगळ्या गोळ्या एका जुन्या पेढ्याच्या डब्यात सुट्ट्या टाकतात, ती सवय मोडायला मला विमानाचं तिकीट काढावं लागलं.

प्रश्न: दहा दिवसात सात देश अशी युरोपची ग्रुप टूर स्वस्तात मिळतेय. आईला (६८) घेऊन जावं का? — निपाणी

उत्तर: हे मी २०१८ ला केलंय, आम्ही दोघंच गेलो होतो. कंपनीचं नाव विचारू नका, सगळीकडं साधारण असंच असतं. पहाटे साडेपाचला उठायचं, बॅग दाराबाहेर, सातला बस, चार-पाच तास बस, मग "फोटो स्टॉप", वीस मिनिटं, पुन्हा बस. जेवण भारतीय, वेळेवर, त्याला नाव ठेवणार नाही. पण हॉटेल शहराच्या इतकं बाहेर की रात्री बाहेर पडलं तर समोर पेट्रोल पंप. आमच्या ह्यांच्या फोनमध्ये एक फोटो आहे, मागं कुठलंतरी चर्च, पुढं मी, आणि आजतागायत आम्हाला कळलेलं नाही की तो कुठला देश. पन्हाळ्याला जे केलं तेच, फक्त पासपोर्ट लावून.

म्हणून २०२३ च्या मे महिन्यात सगळे पाच जण गेलो तेव्हा दोनच देश केले, इटली आणि स्वित्झर्लंड, दहा दिवस. खर्च कमी झाला असं नाही म्हणणार. पण सासूबाई रोज दुपारी दोन तास झोपल्या, कारण झोपायला खोली होती, बस नव्हती.

तुम्हाला ग्रुपनंच जायचं असेल तर जा, त्यात वाईट काही नाही, आईला सोबतीला चार बायका मिळतात. फक्त पैसे भरायच्या आधी कागदावरचे शब्द नीट वाचा. "दर्शन" म्हणजे बाहेरून, "भेट" म्हणजे आतून, बऱ्याच ठिकाणी असा फरक असतो, तो विचारून घ्या. रोज बस किती तास. हॉटेल शहरात की बाहेर. वार पण बघा, पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि फ्लॉरेन्सचं उफीझी चित्रदालन सोमवारी, मग त्या दिवशी नेऊन "बंद आहे हो" म्हणून फोटो स्टॉप.

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला नेतातच, ते ३,४५४ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीपेक्षा उंच, आणि रेल्वे तुम्हाला बसल्या बसल्या तिथं नेऊन सोडते. १९१२ पासून चालू आहे ती गाडी, डोंगराच्या पोटातून जाते, बघण्यासारखीच आहे. पण शरीराला कळत नाही ना की आपण एवढं वर आलोय. उतरल्यावर सगळे बर्फाकडं धावतात. आमच्या सासूबाई पण चार पावलं चालल्या नि धाप लागली, मग बाकावर बसवलं, पाणी दिलं, अर्ध्या तासानं हळूहळू काचेपर्यंत आल्या. बर्फ बघून काय म्हणाल्या असतील? "एवढा गारवा, आणि चहा एवढुसा देत्यात." आईला बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, तिकीट काढून मग विचारू नका.

आणि सुट्टी नाणी ठेवा. तिकडं बऱ्याच ठिकाणी बाथरूमला पैसे पडतात. सासूबाईंनी त्याचा रुपयांत हिशेब केला आणि मग दिवसभर पाणी पिणंच कमी केलं. हे मला रात्री कळलं, तेव्हापासून हिशेब करणं बंद करायला लावलं.

बाकीचे छोटे छोटे प्रश्न एकत्रच घेते. तान्ह्या बाळाला पासपोर्ट लागतो का, हो लागतो, वेगळाच लागतो, लहानांचा पाच वर्षांचा निघतो, मोठ्यांचा दहा वर्षांचा. आणि प्रवासाच्या तारखेला सहा महिन्यांची मुदत शिल्लक पाहिजे हे बघा, "अजून चार महिने आहे की" म्हणणारे विमानतळावरून परत आलेले मला माहीत आहेत. पासपोर्ट कोल्हापुरातच पोस्टातल्या केंद्रात होतो, पण युरोपच्या व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आजीला घेऊन एक फेरी पुण्या-मुंबईची धरा. त्या व्हिसाला विमा लागतो, किमान ३०,००० युरोचा. नेपाळला पासपोर्ट नसला तरी मतदार ओळखपत्रावर जाता येतं. टूरच्या बिलात टीसीएस म्हणून जी कराची रक्कम लागते ती बुडत नाही, रिटर्न भरताना वजा होते, पावती जपून ठेवा आणि सीएला द्या. मुंबईचं विमान असेल तर आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर विसंबून सकाळचं विमान धरू नका, खंबाटकीत एक ट्रक आडवा झाला की संपलं. आम्ही एक दिवस आधी जाऊन पाहुण्यांकडं राहतो, पाहुणे काय म्हणतात ते त्यांना विचारा.

प्रश्न: मॅडम, मी शिक्षक आहे. कोल्हापूरच्या एका महाराजांची समाधी इटलीत आहे असं वाचलं. खरं आहे का? फ्लॉरेन्सला गेलो तर बघता येते का? — कागल

उत्तर: खरं आहे सर, आणि तुमच्या पत्रासाठी मी हे पान जरा जास्त खाणार आहे.

दुसरे राजाराम महाराज, म्हणजे राजर्षी शाहूंच्या आधीच्या पिढ्यांतले. १८६६ ला गादीवर आले, १८७० ला युरोपच्या प्रवासाला गेले. इंग्लंड बघितलं, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजनिशी लिहीत होते, ती पुढं छापली पण गेली. परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेले. वय किती, तर २०. माझी लेक आम्ही तिथं गेलो तेव्हा १८ ची होती, तिला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्या सीनियरएवढे."

सोबतच्या लोकांनी ठरवलं की दहन करायचं, आणि तेही आपल्या रीतीनं. तेव्हाच्या इटलीत दहनाची पद्धत नाही, सगळे पुरणारे. शेवटी परवानगी मिळाली आणि शहराच्या कडेला, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नो नदीला मिळते, तिथं दहन झालं. संगम शोधला हो त्यांनी! आपल्याकडं वाडीला कृष्णा-पंचगंगा, तसा तिथं. हे मला वाचून माहीत होतं, पण तिथं उभं राहिल्यावर डोक्यात बसलं.

जायचं कसं. ती जागा कॅशीने नावाच्या बागेत आहे, बाग आर्नोच्या काठानं तीन-साडेतीन किलोमीटर लांब पसरलीय आणि आपली छत्री, म्हणजे महाराजांचं स्मारक, पार पश्चिमेच्या टोकाला. ट्राम बागेच्या अलीकडच्या टोकाला सोडते, तिथून चालत जायचं तर बरंच आहे, सासूबाईंना घेऊन आम्ही टॅक्सी केली आणि ड्रायव्हरला फक्त "इंडियानो" म्हटलं, त्याला कळलं. तिथं सगळे त्या स्मारकाला तसंच म्हणतात, भारतीयाचं. शेजारी नदीवर मोठा पूल आहे, १९७० च्या दशकातला, त्याचं नाव पण तेच. म्हणजे रोज हजारो गाड्या कोल्हापूरच्या राजाच्या नावानं असलेल्या पुलावरून जातात आणि आत बसलेल्यांतल्या कितींना कोल्हापूर माहीत असेल देव जाणे.

झाडांच्या मधे एकदम छत्री दिसते, खांब, वर घुमट, आपल्याकडच्या घडणीची, आणि खाली महाराजांचा अर्धपुतळा, रंगवलेला, अंगावर दागिने, डोक्याला पागोटं. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, १८७४ चा. चौथऱ्यावर वेगवेगळ्या भाषांत मजकूर कोरलाय. आजूबाजूला कुणी नाही. तिकीट नाही, रांग नाही, रखवालदार नाही. एक म्हातारे गृहस्थ कुत्रं फिरवत होते, सायकलवरून दोघं गेले.

आम्ही फोटो काढायच्या तयारीत, आणि सासूबाईंनी काय केलं, तर लांबच बूट काढले. आदल्या रात्रीचा पाऊस, गवत ओलं, मोज्यांसकट चालत गेल्या, पदर डोक्यावर घेतला, पर्समधून अंबाबाईच्या कुंकवाची पुडी काढली (ती त्या कुठंही जाताना नेतात, विमानात पण) आणि कठड्यापाशी चिमूटभर ठेवलं. ते कुत्रंवाले गृहस्थ थांबले, टोपी काढली, आणि पुतळ्याकडं बोट करून काहीतरी विचारलं. लेकीनं मोडक्यातोडक्या इंग्रजी-इटालियनमध्ये सांगितलं की आम्ही याच राजाच्या गावचे. त्यांना खरं वाटेना. मग लेकीनं फोनवर कोल्हापूरचा नकाशा काढून दाखवला, पंचगंगेचा काठ, राजाराम कॉलेज कुठं आहे ते, कारण कॉलेजला नाव याच महाराजांचं. ते बराच वेळ बघत होते. मग सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि कुत्र्याला घेऊन गेले.

टॅक्सीत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "यांची आई असंल का त्येव्हा?" मला उत्तर माहीत नव्हतं.

वर्गात सांगताना पोरांना हेही सांगा सर, की महाराजांना मुलगा नव्हता, मग चौथे शिवाजी दत्तक आले, त्यांच्या माघारी १८८४ ला कागलच्या घाटगे घराण्यातला एक मुलगा दत्तक आला, ते आपले शाहू महाराज. म्हणजे तुमच्या कागलचा धागा पण त्या बागेपर्यंत जातोच की.

जाताना सकाळी जा, संध्याकाळी तो भाग फार सामसूम असतो. बाकी फ्लॉरेन्समध्ये मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. पोरं चढली, आम्ही खाली आइस्क्रीम खाल्लं.

प्रश्न: परदेशात कोल्हापुरी चप्पल घालून फिरावं का? फोटोत छान दिसेल असं वाटतं. — शाहूपुरी

उत्तर: फोटोपुरती न्या. कातडं पाण्यानं फुगतं आणि तिकडं पाऊस कधीही येतो, आणि त्या जुन्या दगडी फरशांवर दिवसभर चाललात तर रात्री पाय शेकत बसाल. आमच्या ह्यांनी ऐकलं नाही. मुद्दाम चप्पल लाइनीतून नवीकोरी, करकर वाजणारी घेतली आणि उफीझीत तीच घालून आले. एवढी शांतता तिथं, लोक श्वास रोखून चित्रं बघतायत, आणि हे एका दालनातून दुसऱ्या दालनात चाललेत, करर्र, करर्र. तिसऱ्या दालनात खुर्चीवर बसलेली बाई उठली, आमच्या मागं मागं आली, मला वाटलं आता बाहेर काढतात. तिनं वाकून चपलेकडं नीट बघितलं आणि खुणेनंच विचारलं, कुठं मिळते.